तयार प्रोजेक्ट कशाला? घरीच मांडा संगणकाची कार्यशाळा

बी.सी.ए., बी.एस्सी. आय.टी. किंवा संगणक पदविकेच्या शेवटच्या वर्षाला मूल असले की त्या घरात एक नवा खर्च उभा राहतो. "प्रोजेक्ट करायचा आहे, पैसे लागतील." आई चार घरची धुणीभांडी करणारी असो की वडील महापालिकेत सफाई खात्यात असोत, शिक्षणाचे नाव निघाल्यावर आपल्याकडे कुणी हात आखडता घेत नाही. काही हजार रुपये मोजले जातात. एखाद्या दुकानातून तयार प्रोजेक्ट घरी येतो. वर काळी बांधणी, सोनेरी अक्षरांत मुलाचे नाव. आत काय आहे, ते ना आईला ठाऊक, ना मुलाला.

पैसे गेले त्याचे एक वेळ सोडून देऊ. खरे नुकसान होते ते पुढे, मुलाखतीच्या टेबलावर. समोरचा माणूस साधाच प्रश्न विचारतो, "हा प्रोजेक्ट नव्या संगणकावर चालू करायचा झाला तर काय काय बसवावे लागेल?" मुलगा गप्प. कारण दुकानदाराने येऊन सगळे बसवून दिलेले असते, मुलाने फक्त दोन बटणे दाबलेली असतात. इंग्रजी कच्चे म्हणून नोकरी गेली, अशी समजूत करून घेऊन तो घरी येतो आणि आई-वडील इंग्रजी संभाषणाचा आणखी एक क्लास शोधू लागतात.

मी कचेरीत कारकून आहे, शिक्षण बी.कॉम. पण वस्तीतल्या अभ्यासिकेत संध्याकाळी मुलांबरोबर बसता बसता एक गोष्ट मला पक्की कळली आहे. प्रोग्रॅम लिहिण्याची हत्यारे आणि त्याला लागणाऱ्या सेवा आपल्या संगणकावर आपल्या हाताने बसवणे, हेच निम्मे शिक्षण आहे. जो हे करतो त्याला प्रोजेक्ट विकत घ्यावा लागत नाही. आणि या कामाला लागणारे जवळजवळ सगळे सामान फुकट, रीतसर फुकट, मिळते.

फुकट आहे म्हणजे खोटे आहे का?

आपल्या माणसांना फुकट म्हटले की संशय येतो. तो यायलाही हवा, कारण आजवर फुकटच्या नावाखाली आपल्याला बरेच काही गळ्यात मारले गेले आहे. म्हणून यामागची हकिकत सांगतो.

रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९८३ साली जाहीर केले की, कुणालाही वापरता येईल, उघडून पाहता येईल, दुरुस्त करता येईल आणि शेजाऱ्याला देता येईल अशी संपूर्ण संगणक प्रणाली तयार करायची. त्या कामाचे नाव ग्नू. पुढे १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या घरच्या संगणकावर प्रणालीचा गाभा लिहिला. तो संगणकही त्याने हप्त्यावर घेतलेला होता. त्या गाभ्याचे नाव लिनक्स. तो ज्या परवान्याखाली दिला जातो त्यात अटच अशी आहे की, हा प्रोग्रॅम दुसऱ्याला द्याल तर त्याचा मूळ मजकूरही द्यावा लागेल आणि पुढे वाटण्याचा हक्कही. आज जगातले बहुतेक मोठे सर्व्हर लिनक्सवर चालतात. आपल्या हातातल्या अँड्रॉइड मोबाईलच्या पोटातही लिनक्सच आहे.

म्हणजे बड्या कंपनीतला पगारदार इंजिनिअर जे हत्यार वापरतो तेच हत्यार, त्याच धारेचे, चाळीतल्या खोलीत बसलेल्या मुलीला मिळू शकते. गवंड्याच्या बाबतीत असे होत नाही. चांगली थापी आणि ओळंबा घ्यायलाही दाम लागतो. मग कुणी "क्रॅक केलेले" चोरीचे सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर आणून का बसवावे? त्यातून व्हायरस येतात, आणि जे रीतसर फुकट मिळते त्यासाठी चोरी करण्याचे कारणही नाही.

जुना संगणक चालेल का?

चालेल. हे आधी सांगतो, कारण कॉलेजात प्रवेश मिळाला की महागडा लॅपटॉप कर्जाने घेण्याची घाई होते. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला नेहमी मिळणाऱ्या सुधारणा बंद केल्या. विंडोज ११ ला काही ठरावीक नवी यंत्रणा लागते, ती जुन्या संगणकांत नसते. त्यामुळे कचेऱ्यांतून चांगले चालते संगणक बाहेर निघतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात आणि प्रत्येक मोठ्या शहरात ते विकणारे आहेत. विंडोजला नकोसा झालेला असा संगणक लिनक्सवर पुढे कित्येक वर्षे काम देतो.

घेताना तीन गोष्टी पाहा. प्रोसेसर ६४ बिटचा हवा. मेमरी म्हणजे रॅम निदान ४ जीबी, आणि ८ जीबी असेल तर फारच उत्तम. तिसरी गोष्ट डिस्क. जुन्या फिरत्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी टाकून घ्या. जुन्या संगणकावर पैसे खर्च करायचेच असतील तर ते येथे करा, चालायला लागलेला संगणक धावायला लागतो. बाकी चकचकीत किबोर्ड, रंगीत दिवे, गेम खेळायचे कार्ड यांचा आपल्या कामाशी संबंध नाही.

लिनक्सचे अनेक प्रकार आहेत. नवशिक्यांनी उबुंटू घ्यावे. त्याची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी निघते आणि तिला पाच वर्षे सुधारणा मिळतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये निघालेली २४.०४ ही त्यातलीच. संगणक अगदीच अशक्त असेल तर लुबुंटू किंवा झुबुंटू ही हलकी भावंडे आहेत. अडचण एवढीच की उबुंटूची फाईल साधारण ६ जीबीची असते. रोज दीड जीबीच्या रिचार्जवर ती उतरवून घेणे जड जाते. कॉलेजच्या किंवा ओळखीच्या ब्रॉडबँडवर उतरवून पेनड्राइव्हवर आणावी. डेबियन नावाचा दुसरा प्रकार आहे, त्याची सुरुवातीची फाईल एक जीबीपेक्षा लहान असते. मात्र बाकीचे सामान बसवताना नेटवरून येतेच, तेव्हा तोही हिशेब धरावा.

उतरवलेली फाईल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. रूफससारख्या छोट्या प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर "लिहावी" लागते. मग संगणक त्या पेनड्राइव्हवरून चालू करायचा. उबुंटूत एक चांगली सोय आहे, डिस्कला हात न लावता आधी नुसते चालवून पाहता येते. वायफाय चालते का, आवाज येतो का, पडदा नीट दिसतो का, हे पाहून घ्या. आवडले तरच बसवा. बसवताना "संपूर्ण डिस्क पुसून टाका" असा एक पर्याय समोर येतो. तो निवडण्यापूर्वी दादाच्या लग्नाचे फोटो, ताईची गुणपत्रके, आधारच्या प्रती, जे काही त्या डिस्कवर असेल ते दुसरीकडे घेतले आहे ना, ते दोनदा पाहा. पुसले गेल्यावर कुणी काही करू शकत नाही.

घरात एकच संगणक असेल आणि विंडोज काढून चालणार नसेल तरी अडत नाही. विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची डब्ल्यूएसएल नावाची सोय मायक्रोसॉफ्टने दिलेली आहे.

पेटीत काय काय असावे?

सुताराच्या पेटीत करवत, रंधा, पटाशी असते तशी येथेही मोजकीच हत्यारे पुरतात. पहिले, मजकूर लिहिण्यासाठी एडिटर. व्हीएस कोड हा मायक्रोसॉफ्टचा एडिटर २०१५ पासून फुकट मिळतो आणि साध्या संगणकावरही चालतो. दुसरे, भाषा. मी पायथॉन सांगतो. गुइदो व्हॅन रॉसम या डच गृहस्थाने १९९१ मध्ये ती प्रथम लोकांपुढे ठेवली. उबुंटूत ती आधीपासूनच बसवलेली असते.

पायथॉन उघडलेत की पहिल्याच दिवशी एक गंमत करून पाहा. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारा. उत्तर ०.३ येत नाही. ०.३ च्या पुढे पंधरा शून्ये आणि शेवटी ४ असे येते. संगणक आतमध्ये द्विमान पद्धतीने आकडे ठेवतो आणि ०.१ हा आकडा त्या पद्धतीत नेमका बसत नाही, म्हणून असे होते. तेव्हा हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिताना रक्कम रुपये-पैशांच्या दशांशात ठेवू नये, सगळे पैशांत, पूर्ण आकड्यांत ठेवावे. पन्नास रुपये म्हणजे ५०००. आमच्यासारख्या खातेवहीवाल्यांना एका पैशाचा फरक शोधायला रात्र जागावी लागते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

लिनक्समध्ये सामान बसवण्याची पद्धत वेगळी आहे. दहा ठिकाणी फिरून फायली गोळा करायच्या नाहीत. काळ्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये, एका ओळीची आज्ञा द्यायची. "सुडो एपीटी इन्स्टॉल" आणि पुढे हव्या त्या वस्तूचे नाव, सगळे इंग्रजी अक्षरांत. "सुडो" म्हणजे "हे काम मालकाच्या अधिकाराने कर". म्हणून तो पासवर्ड मागतो. पासवर्ड टाईप करताना पडद्यावर काहीच दिसत नाही, फुल्यासुद्धा नाहीत. किबोर्ड बिघडला असे समजून मुले येथेच उठून जातात. बिघडलेले काही नसते, टाईप करून एंटर दाबावे.

आणखी एक जागा, जेथे हमखास अडखळायला होते. पायथॉनची जादा सामग्री पिप नावाच्या हत्याराने आणायची असते. पण नव्या उबुंटू-डेबियनमध्ये ती सरळ बसवायला गेले तर नकार मिळतो. "हे वातावरण बाहेरून सांभाळले जाते" अशा अर्थाची लांबलचक इंग्रजी सूचना येते. घाबरू नका. प्रणालीचे स्वतःचे सामान आणि तुमचे सामान एकमेकांत मिसळू नये म्हणून केलेला हा बंदोबस्त आहे. प्रत्येक प्रोजेक्टसाठी "व्हेनव्ह" म्हणजे स्वतंत्र कप्पा तयार करायचा आणि त्यात काय हवे ते बसवायचे. दोन बचतगटांची वही आपण एकत्र लिहितो का? नाही ना, तसेच हे.

सेवा म्हणजे खिडकीवर बसलेला कारकून

आता मुख्य गोष्ट. एडिटर आपण उघडतो आणि काम झाले की बंद करतो. सेवा मात्र मागच्या बाजूला सतत चालू राहते आणि कुणी काही मागेल याची वाट पाहत बसते. पानांची मागणी पुरवणारी ती वेब सर्व्हरची सेवा, माहिती ठेवणारी-काढून देणारी ती डेटाबेसची सेवा.

पोस्टात जसे वेगवेगळ्या कामांच्या खिडक्यांना क्रमांक असतात, तसे प्रत्येक सेवेला क्रमांक असतो. त्याला पोर्ट म्हणतात. वेब पानांची नेहमीची खिडकी ८०, मायएसक्यूएल आणि मारियाडीबी या डेटाबेसची ३३०६, पोस्टग्रेसची ५४३२. आणि पत्ता? १२७.०.०.१. या पत्त्याचे दुसरे नाव लोकलहोस्ट, अर्थ एवढाच की "हाच संगणक, माझे स्वतःचे घर". या पत्त्यावर विचारलेला प्रश्न घराबाहेर जातच नाही. इंटरनेट बंद असले तरी हे सगळे चालते. मुलांना हे कळते तेव्हा त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. ज्याला "वेबसाइट" म्हणतात ती रिचार्ज संपलेल्या रात्रीही आपल्या खोलीत चालवता येते, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते.

हे खिडकीचे चित्र डोक्यात बसले की ज्या चुकांच्या सूचनांना मुले घाबरतात त्या आपोआप उलगडतात. "कनेक्शन रिफ्यूज्ड" आले, तर त्या खिडकीवर कुणी बसलेलेच नाही, सेवा चालू करायची राहिली. "ॲक्सेस डिनाइड" आले, तर खिडकीवर कारकून आहे पण तुमचे ओळखपत्र त्याला मान्य नाही, नाव किंवा पासवर्ड चुकला. "ॲड्रेस ऑलरेडी इन यूज" आले, तर त्या खिडकीवर आधीच दुसरा कुणी बसला आहे, त्याला उठवा किंवा स्वतः दुसरी खिडकी घ्या. या तीन सूचना मुलाने स्वतःच्या तोंडाने समजावून सांगितल्या तर त्याने हे काम स्वतः केले आहे, हे परीक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही.

सेवा चालू करणे, थांबवणे, तिची प्रकृती विचारणे ही कामे लिनक्समध्ये "सिस्टिमसीटीएल" या आज्ञेने होतात. तिला "स्टार्ट" म्हटले की सेवा आत्तापुरती चालू होते, "एनेबल" म्हटले की दरवेळी संगणक चालू झाल्यावर आपोआप चालू व्हायला लागते. ४ जीबीच्या संगणकावर लागतील तेव्हाच सेवा चालू कराव्या, सगळ्याच कायमच्या चालू ठेवल्या की संगणक रेंगाळतो. विंडोजवाल्यांसाठी एक्सॅम्प नावाचे तयार पॅकेज आहे, त्यात वेब सर्व्हर आणि डेटाबेस एकत्र येतात आणि बटण दाबून चालू-बंद करता येतात. डॉकर हेही नाव मुलांच्या तोंडी असते. सेवा डब्यात बंद करून चालवण्याची ती पद्धत चांगली आहे, पण जुन्या संगणकावर आणि पहिल्याच वर्षी तिच्या मागे लागू नये.

मारियाडीबी या नावाची एक गोष्ट कौटुंबिक पानावर सांगण्यासारखी आहे. मायकेल विडेनियस या फिनलंडच्या प्रोग्रॅमरने आपल्या डेटाबेसला थोरल्या मुलीचे नाव दिले. तिचे नाव मी, इंग्रजी स्पेलिंगमुळे लोक तिला "माय" वाचू लागले, आणि झाले मायएसक्यूएल. पुढे ती कंपनी २००८ मध्ये सन या कंपनीने घेतली आणि २०१० मध्ये सनच ओरॅकलच्या ताब्यात गेली. तेव्हा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला होता म्हणूनच विडेनियस यांना तो घेऊन वेगळी चूल मांडता आली. तिला धाकटीचे नाव दिले, मारिया.

प्रोजेक्ट घरातच सापडतो

आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीने आईच्या बचतगटाचा हिशेब हाच विषय घेतला. दुकानात मिळणारे विषय ठरलेले असतात, हॉटेल बुकिंग नाही तर हॉस्पिटल व्यवस्था. त्या हॉटेलात ती कधी राहिली नव्हती. बचतगट मात्र तिच्याच घरी दर महिन्याला बसतो. समजा पंधरा बायका, महिना दोनशे रुपये. महिन्याचे तीन हजार, वर्षाचे छत्तीस हजार. त्यातून कुणी पाच हजार उचलले, शेकडा दोन रुपये महिना व्याज, म्हणजे पहिल्या महिन्याचे व्याज शंभर. कुणी हप्ता चुकवला, कुणी दोन हप्ते एकदम भरले. हे सगळे तिला तोंडपाठ. सभासद, जमा, कर्ज, परतफेड अशी चार कोष्टके तिने वहीवर आखली, मग संगणकावर.

एवढ्या कामाला डेटाबेसची वेगळी सेवासुद्धा लागत नाही. एसक्यूलाइट नावाचा डेटाबेस आहे, तो एका फाईलमध्ये मावतो आणि पायथॉनबरोबर आपोआप येतो. रिचर्ड हिप यांनी २००० साली तो केला आणि त्यावरचा हक्कच सोडून दिला. प्रत्येक स्मार्टफोनमध्ये तो असतो. माझे मत असे की सुरुवात त्याच्यावर करावी, आणि काम चालू लागले की तेच कोष्टक मारियाडीबीच्या सेवेवर नेऊन पाहावे. नोकरीत सेवाच सांभाळावी लागते. तिने तसेच केले. वरची पाने दाखवण्यासाठी फ्लास्क वापरले. ते चालू केले की ५००० क्रमांकाच्या खिडकीवर बसते आणि "हा सर्व्हर फक्त विकसनासाठी आहे, खऱ्या वापरासाठी नाही" असा इशारा देते. तो इशारा गंभीरपणे घ्यावा.

भारनियमनात वीज गेली तर हिशेब बिघडेल का, असे तिच्या आईने विचारले. प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचे उत्तर आम्हा कॉमर्सवाल्यांना लगेच पटते. आपण आधी रोजकीर्द लिहितो, मग खतावणी करतो. खतावणी अर्धवट राहिली तर कीर्दीवरून पुन्हा उभी करता येते. मारियाडीबी आणि पोस्टग्रेस असेच करतात, बदल आधी एका नोंदवहीत उतरवतात, मग मूळ जागी. एसक्यूलाइट बदल करण्याआधीची स्थिती एका फाईलमध्ये लिहून ठेवतो, आणि त्या फाईलच्या नावात "जर्नल" हा कीर्दीचा इंग्रजी शब्दच असतो. वीज आली की अर्धवट व्यवहार रद्द होऊन हिशेब पूर्वीच्या जागेवर येतो.

प्रोग्रॅमच्या मजकुराचीही अशीच कीर्द ठेवतात. तिचे नाव गिट. तेही टोरवाल्ड्स यांनीच २००५ साली केले. दिवसभरात जे बदल केले त्यांची "कमिट" म्हणजे नोंद करायची आणि खाली कशाबद्दल बदल केला ते एका ओळीत लिहायचे, आपण नोंदीखाली "...बद्दल" लिहितो तसे. चुकले तर खाडाखोड करायची नाही, उलट नोंद टाकायची. तीन महिन्यांच्या अशा नोंदी दाखवल्या की प्रोजेक्ट विकत घेतला की स्वतः केला, याचा वाद उरत नाही. दुकानातल्या प्रोजेक्टला एकच नोंद असते, आणून टाकल्याची! या नोंदी गिटहब या ठिकाणी फुकट ठेवता येतात, २०१९ पासून खाजगी ठेवण्याचीही तेथे फुकट सोय आहे. मात्र डेटाबेसचा पासवर्ड त्या मजकुरात राहू देऊ नये.

हल्ली मुले कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रोग्रॅमकडून कोडही लिहून घेतात. मी त्याला सरसकट नाही म्हणत नाही. एखाद्या सूचनेचा अर्थ विचारायला तो चांगला शिक्षक आहे, रात्री बारालाही कंटाळत नाही. पण लिहून दिलेले आपल्या संगणकावर चालवायचे, अडले तर कोणती खिडकी बंद आहे ते शोधायचे, हे काम तुमचेच.

मराठी नावांची प्रश्नचिन्हे

सखूबाई, यशोदा, रमा अशी नावे भरली आणि परत काढली तर ???? असे दिसले. हा अनुभव पुष्कळांना येतो. संगणकाला मराठी येत नाही म्हणून सोडून देऊ नका. देवनागरी अक्षरे १९९१ पासून, युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून, त्यात आहेत. अडचण असते ती डेटाबेसच्या ठरावीक अक्षरपद्धतीची. मायएसक्यूएलच्या आठव्या आवृत्तीपूर्वी ती लॅटिन होती, तिच्यात देवनागरीला जागाच नव्हती. डेटाबेस तयार करताना "यूटीएफ८एमबी४" ही पद्धत स्पष्ट सांगावी, म्हणजे प्रश्नचिन्हे येत नाहीत. एकदा साठवलेली प्रश्नचिन्हे मात्र पुन्हा नावे होत नाहीत, ती माहिती नव्याने भरावी लागते. बायकांची नावे इंग्रजीतून लिहून वेळ मारून नेऊ नये. पासबुकावर जे नाव आहे तेच पडद्यावर दिसले पाहिजे.

दार कुणाला उघडावे

बचतगटाचा हिशेब म्हणजे पंधरा घरांच्या अडचणींची वही. कुणी किती कर्ज घेतले, कुणाचे थकले, हे गल्लीत समजता कामा नये. म्हणून सेवा बसवताना ती फक्त १२७.०.०.१ वर ऐकते आहे ना, हे पाहावे. ०.०.०.० असा पत्ता दिला की ती बाहेरून येणाऱ्यांनाही उत्तरे देऊ लागते. एक्सॅम्पमध्ये डेटाबेसच्या मुख्य खात्याला सुरुवातीला पासवर्डच नसतो, शिकण्यापुरते ते ठीक. जानेवारी २०१७ मध्ये मोंगोडीबी नावाच्या डेटाबेसच्या हजारो सेवा इंटरनेटवर पासवर्डशिवाय उघड्या सापडल्या. चोरांनी त्यातली माहिती पुसली आणि जागी खंडणीची चिठ्ठी ठेवली. त्या सेवा मांडणारे काही अडाणी नव्हते. कुलूप लावायचे तेवढे राहिले होते.

डेटाबेसच्या मुख्य मालकाच्या खात्याने प्रोग्रॅम चालवू नये. वेगळा वापरकर्ता करून त्याला त्या एकाच डेटाबेसचे अधिकार द्यावे. दर बैठकीनंतर सगळ्या माहितीची प्रत काढून पेनड्राइव्हवर ठेवावी, आणि तो पेनड्राइव्ह संगणकाच्या घरात न ठेवता गटाच्या सचिव बाईंकडे द्यावा. ती प्रत दुसऱ्या संगणकावर एकदा परत भरून पाहावी. भरून न पाहिलेली प्रत आहे की नाही, ते सांगता येत नाही.

आणि जुने रजिस्टर लगेच बंद करू नका. तीन महिने हाताने लिहिलेले पुस्तक आणि संगणक दोन्ही चालवा. महिनाअखेरीस दोन्हींची तेरीज घ्या आणि बायकांसमोर वाचून दाखवा. फरक आला तर आधी हप्त्यांच्या तारखा तपासा, बहुतेक वेळा एखादा हप्ता वहीत एका महिन्यात आणि संगणकात दुसऱ्या महिन्यात पडलेला असतो.